सातव्या टोपलीच्या साखळ्या

आमचं मैदान बघायला लांबून कुणी येत नाही. चुकून आलंच, तर पहिल्या चौथऱ्यावर उभं राहून विचारतं, "एवढंच?" हो, एवढंच. बंद पडलेल्या शाळेमागचं स्प्रूसचं जंगल आणि त्यात नऊ टोपल्या. सगळ्यात लांबची टोपलीसुद्धा इतकी जवळ, की मोठ्या मैदानांवरचे पैलवान तिथवर डाव्या हाताने फेकतील. फेकून बघा म्हणावं! दोन झाडांमधून जायला दाराएवढीसुद्धा फट नसते, आणि आमची झाडं कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. इथे जोर लावणारा माणूस झुडपात डिस्क शोधत बसतो आणि डासांना जेवू घालतो.

खेळ तसा साधा. थाळीएवढी प्लास्टिकची डिस्क चौथऱ्यावरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांना आपटून ती आत पडली की झालं. पहिल्याच फेकीत पडली तर त्याला म्हणायचं एक्का.

हे खूळ फिनलंडात गावोगाव पसरलं त्याच्या बरंच आधी रेइमाने हे मैदान उभं केलं. तो त्या शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि मी शाळेची बस चालवायचो. शाळेला कुलूप लागलं त्या आठवड्यात तो माझ्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. "ओस्मो, तुझी बस गेली, माझा वर्ग गेला. घरात बसलो तर बायका आपल्याला विकून टाकतील. चल, वाटा पाडू." टोपल्या त्याने स्वतः वेल्ड केल्या. साखळ्या गाईगुरांच्या दुकानातून आणल्या आणि एकेक कडी मोजूनमापून टांगली. तिसरा भिडू औलिस, म्हणजे रेइमाचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, सिर्पाचा, धाकटा भाऊ. त्याला नियम तोंडपाठ आणि तोंडाला बांध नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, तीही रेइमानेच घातलेली. एक्का पडला की जे कोणी हजर असतील त्यांनी त्या डिस्कवर सह्या करायच्या आणि ती शेडच्या भिंतीवर टांगायची. ती पुन्हा कधी उडत नाही. माझा एक्का पडला तो माझ्या सगळ्यात लाडक्या निळ्या डिस्कने. मी गयावया केली, म्हटलं दुसरी टांग, हिच्यासारखी मला दुसरी मिळायची नाही. रेइमाने ती सरळ माझ्या हातातून काढून घेतली. "तिचं काम झालं. आता तिला उन्हापावसात काय राबवतोस?" पुढे औलिसचे तीन एक्के पडले. पोस्टमनचा पडला. उन्हाळ्यात आलेल्या एका पाहुणीचा तर पहिल्याच दिवशी पडला, आणि तिला काय झालं ते कळलंसुद्धा नाही. पडला नाही तो फक्त रेइमाचा.

"मैदान बांधणाऱ्याचीच भिंत कोरी," औलिस दर बुधवारी कॉफी ओतताना म्हणायचा. आम्ही दर बुधवारी हसायचो.

मग दोन वर्षांपूर्वी रेइमाच्या हातून रंधा निसटला. नंतर कॉफीचा कप निसटला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, औषध मात्र दिलं नाही. नसांचा आजार. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास, असे एकेक सगळे संपावर जातात आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. ही व्यवस्था ज्याने कुणी लावली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

या वसंतात त्याला डिस्क धरता येईना. जड कडेच्या, हलक्या, खडबडीत, सगळ्या प्रकारच्या आणून पाहिल्या. फेकायच्या आधीच त्या त्याच्या पायाशी पडायच्या. शेवटी औलिसच्या गॅरेजमधल्या खोक्यात त्याच्या लेकीची लहानपणीची एक पिवळी डिस्क सापडली. दुमडून खिशात घालावी इतकी मऊ, वापरून वापरून कड झिजलेली. तेवढी एकच रेइमाच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना धरता यायची. तसली दुसरी मिळावी म्हणून मी अर्ध्या देशाला फोन केले. ती बनवणं कधीच बंद झालं होतं.

तर जूनमधला तो बुधवार. आम्ही चौघं होतो, कारण हल्ली सिर्पा बरोबर यायची. ती खेळत नाही. "म्हातारे लोक झाडांना ताटल्या मारतात" हे तिचं आमच्या खेळाबद्दलचं मत, आणि ते तिने वीस वर्षांत बदललेलं नाही. पण रेइमाला गाडीत घालून आणायचं, त्याच्या जाकिटाची चेन लावायची, नाकावरचा डास मारायचा, तर ती आलीच. आणि आल्यावर नुसती कशी बसेल? जिथे वाट वळते आणि टोपली दिसत नाही, तिथे कुणीतरी पुढे जाऊन डिस्क कुठे पडते ते बघावं लागतं. ते काम तिने घेतलं. "डावीकडे! वारुळाजवळ!" अशी ओरडायची की दोन शेतं पलीकडे ऐकू जावं.

सहाव्या टोपलीनंतर ती पुढे निघून गेली. औलिस आपली डिस्क शोधत झुडपात शिरला होता आणि झुडपाला शिव्या घालत होता. रेइमाला मी सातव्या चौथऱ्यावर नेलं. तो धापा टाकत होता. त्याने माझ्या खांद्याला टेकून जरा दम घेतला.

"ओस्मो, एक सांगू? त्या एक्क्याचं मला आता काडीचंही अप्रूप राहिलेलं नाही."

"मग औलिसला गप्प का करत नाहीस? दर बुधवारी तेच पुराण."

"बोलू दे. तो बोलायचा थांबला की समजायचं, मी मेलो." तो हसला. हसताना त्याचा ओठ हल्ली एकाच बाजूला जायचा. "मला फक्त फेकायचंय रे. दिवसभर माझं सगळं दुसरे करतात. घास दुसरे भरवतात, दाढी दुसरे करतात, मुतायला दुसरे नेतात. ही हातातून सुटते ना, तेवढी एकच गोष्ट मी स्वतः करतो. मग ती कुठे का जाईना, खड्ड्यात जाऊ दे."

"पानगळीपर्यंत धरतील ना बोटं?"

"ऑगस्टपर्यंत धरली तरी मी कुणाला काही मागणार नाही."

मी त्याच्या मानेवरचा डास मारला. चापट जरा जोरातच बसली.

"हळू! आजारी माणूस आहे मी."

औलिस आला. लांबून सिर्पाचा आवाज आला, "फेका रे, इथे मला खाऊन टाकताहेत!" सातवी वाट डावीकडे वळते आणि टोपली स्प्रूसच्या दाटीमागे असते, चौथऱ्यावरून अजिबात दिसत नाही. मी पिवळी डिस्क रेइमाच्या बोटांत बसवली. त्याने हात मागे नेला, म्हणजे खांद्याने जेवढा नेववला तेवढा, आणि सोडली. डिस्क डुगडुगत गेली, पण बरी गेली. वळणाशी जाऊन दिसेनाशी झाली. मग "टक्" झालं. खोडावर.

"लाकूड," औलिस म्हणाला.

आम्ही तिथेच उभे. सिर्पा आता "उजवीकडे" म्हणते की "नेच्यांत" म्हणते, त्याची वाट बघत. बराच वेळ काहीच नाही. एखादी बाई वाकून काहीतरी उचलेल आणि चार पावलं चालेल एवढा वेळ. आणि मग साखळ्या वाजल्या.

छनछन, छनछन, छनछन.

तुम्ही हा खेळ खेळला नसाल, तर तुम्हाला सांगतो. डिस्क साखळ्यांवर बसते तेव्हा एकच आवाज येतो, आखूड, भरीव, आणि लगेच खाली टोपलीत धप्प. त्यात छनछन नसते. छनछन येते ती गाय मान हलवते तेव्हा, किंवा कुणी हाताने साखळ्या धरून हलवतं तेव्हा. टोपलीशेजारी उभं राहिलं तर सगळा खणखणाट एकच वाटतो. लांबून, झाडांतून, कान देऊन ऐकताना मात्र फसायला जागाच नाही. आम्ही वीस वर्षं लांबूनच ऐकत आलोय.

"रेइमा!" सिर्पा किंचाळली. "रेइमा! आत! आत गेली! एक्का!"

औलिसने माझ्याकडे बघितलं. मी रेइमाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू सगळं आलं. त्या साखळ्या त्याने स्वतः टांगलेल्या, त्याला काय कळायचं राहणार? मला वाटलं हा आता ओरडेल, किंवा हसेल. मला स्वतःला तर सिर्पाचा असा राग आला की चौथऱ्यावरून उडी मारून जावं आणि तिला गदागदा हलवावं. आणि त्याच क्षणी रडूही आलं.

वळणावर झाडांतून तिचं लाल जाकीट दिसायला लागलं. ती पळत होती. गुडघा दुखतो म्हणून जी बाई जिन्याला शिव्या देते, ती मुळांवरून उड्या मारत पळत येत होती.

"हात," रेइमा पुटपुटला.

"काय?"

"माझे हात वर कर. लवकर. ती बघतेय."

मी त्याच्या मागे उभा राहिलो, त्याचे दोन्ही दंड धरले आणि वर केले. हलके झाले होते, काड्यांसारखे. "अजून वर," तो म्हणाला. मी अजून वर केले. "आता ओरड." मी ओरडलो. औलिस तोंड उघडं टाकून उभा होता. रेइमा दातांतून म्हणाला, "मेव्हण्या, तोंड वापर नाहीतर मीट, डास जातोय." मग औलिसही ओरडला. आम्ही तिघं म्हातारे जंगलात वेड्यासारखे ओरडत होतो.

सिर्पा पोहोचली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि डोळे वाहत होते. डिस्क तिने छातीशी धरली होती. कडेला ओलं शेवाळं चिकटलं होतं, तेवढं पुसायचं तिच्याकडून राहिलं होतं. मी ते अंगठ्याने पुसलं.

"झाडाला लागून आत गेली," ती धापा टाकत म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं. आधी झाड, मग सरळ साखळीत!"

"अशा पडतात," औलिस म्हणाला. नियमांची खाण असलेला आमचा औलिस. "झाडाला लागून पडतात कधीकधी."

"बघ, कशी जिरवली याची!" ती रेइमाला म्हणाली आणि भावाच्या पाठीत धपाटा घातला. "आता बोल, कोणाची भिंत कोरी? रोज रोज बोलत होतास ना!" औलिसने मान खाली घातली. त्या धपाट्याचं त्याला काही नव्हतं, तिचं बोलणं लागलं होतं. तेव्हा मला कळलं की तिने हे का केलं. दर बुधवारी आम्ही हसायचो आणि ती थर्मासचं झाकण लावत गप्प बसायची. आम्हाला वाटायचं तिचं लक्ष नाही.

उरलेल्या दोन टोपल्या आहेत, त्या खेळून टाकू, असं मी म्हणालो आणि डिस्क रेइमाच्या हातात द्यायला गेलो. सिर्पाने ती वरच्यावर काढून घेतली.

"वा रे वा! एक्क्याची डिस्क पुन्हा उडत नाही. तुझ्या निळ्या डिस्कसाठी तू किती रडला होतास ते याने मला शंभरदा सांगितलंय. आज बरा नियम विसरलास!"

ती बरोबर बोलत होती. हेच तर वाईट होतं. ती आमच्या खेळातलं बाकी काही शिकली नाही, पण हे मात्र शिकली होती. मी रेइमाकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. नाही म्हण, म्हण मला ही हवी, म्हण पुढच्या बुधवारी टांगू. त्याने पिवळ्या डिस्ककडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "टांगा."

शेडमध्ये आम्ही सह्या केल्या. सिर्पाने मोठ्या अक्षरात केली. रेइमाचा हात तिने धरून गिरवला. खिळे मी ठोकले. औलिसने शेकोटीवर सॉसेज भाजले आणि ते करपवले. सिर्पाने मोहरीची चटणी लावून रेइमाला बारीक तुकडे भरवले, आणि भरवता भरवता झाड, मग साखळी, हे तीनदा सांगितलं.

गाडीशी मी त्याला एकट्याला गाठलं. "मी तिला सांगतो."

"खबरदार."

"अरे, तुझ्याकडे दुसरी डिस्क नाही! तिला कल्पना नाही तिने काय केलंय. सांगितलं तर ती स्वतः खिळे उपटेल."

"आणि मग? रोज सकाळी मला कपडे घालताना तिला ते आठवेल. ती मला उचलते रे ओस्मो. बिछान्यातून उचलते. आज ती कशी पळाली बघितलंस ना?"

"आणि तुझं काय?"

"माझं ऑगस्टमध्ये संपणारच होतं."

"जून आहे हा."

"कोणता महिना आहे ते मला माहितीये."

मी घरी आलो आणि बायकोशी विनाकारण भांडलो. सॉना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवला आणि आत बसून राहिलो. सांगावं तर त्याचा शब्द मोडतो, न सांगावं तर रोज एक दिवस जातो आहे. बरं, सांगून तरी नक्की काय होणार होतं? मी सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी रेइमाने दुसऱ्या डिस्कने प्रयत्न केला. पायाशी पडली. मी उचलून दिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा सिर्पा हसून म्हणाली, "जाऊ दे ना रे. तुला आता काय सिद्ध करायचंय? एक्का झाला तुझा." ती प्रेमाने म्हणाली. रेइमा "हो" म्हणाला. त्यानंतर त्याने डिस्क मागितली नाही.

तो यायचा मात्र दर बुधवारी. आधी काठीने, मग चाकांच्या खुर्चीत. मुळांवरून खुर्ची ढकलताना औलिस आणि मी घामाघूम व्हायचो. औलिस हल्ली कमी बोलायचा. रेइमाच त्याला डिवचायचा, "काय मेव्हण्या, दातदुखी आहे का?" पण रेइमाचेही शब्द आता जिभेला चिकटायला लागले होते. जंगलात ब्लूबेरी पिकल्या. सिर्पा त्या वेचून त्याच्या तोंडात एकेक घालायची आणि त्याची हनुवटी जांभळी व्हायची.

ऑगस्ट लागला त्या बुधवारी सातव्या चौथऱ्यावर आम्ही चौघं होतो. रेइमा फेकत नसल्यामुळे सिर्पाला पुढे जायचं कारण उरलं नव्हतं. ती खुर्चीजवळ बसून ब्लूबेरी निवडत होती. औलिसने फेकलं आणि तो वळणामागे गेला. मी माझी पाळी यायची वाट बघत होतो. वारा नव्हता. जंगलात पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

झाडांमागून आवाज आला. आखूड, भरीव. आणि खाली धप्प.

सिर्पाने मान वर केली. "हे काय वाजलं?"

"औलिसची टोपली झाली," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"असं वाजतं?"

मी हातातली डिस्क पुसायला लागलो.

"ओस्मो, इथून नेहमी असंच वाजतं?"

मी बुटांकडे बघत राहिलो. ती रेइमाकडे वळली. तो समोरच्या झाडांकडे बघत होता.

"त्या दिवशी," तो जड जिभेने म्हणाला, "वारा होता."

त्या जंगलात वारा शिरत नाही. हे तिलाही माहीत होतं. त्याशिवाय का इतके डास असतात? तिने ब्लूबेरीचा डबा खाली ठेवला. मग उठली आणि शेडच्या वाटेने गेली. पळाली नाही, चालत गेली. रेइमाचे डोळे मिटलेले होते.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात ती पिवळी डिस्क होती. नखांत लाकडाची कुसळं गेली होती. ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. तिने त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला, तळव्यात डिस्क ठेवली, अंगठा वर दाबला आणि खालून दोन्ही बोटं एकेक करून वळवली. आपल्या मुठीत ती मूठ घट्ट धरली. मग हळूच हात काढून घेतला.

बोटं उघडली. डिस्क तिच्या मांडीवर पडली.

तिने पुन्हा ठेवली. पुन्हा बोटं वळवली. पुन्हा पडली.

"सिर्पा," रेइमा म्हणाला. "अगं, पुरे."

"थांब. जरा थांब. अंगठा नीट बसला नव्हता."

ती ठेवत राहिली. मी दोन हात लांब उभा होतो आणि माझे दोन्ही हात धडधाकट होते. वळणामागून औलिसने हाक मारली, "अरे फेकताय की नाही?" सिर्पाने पुन्हा अंगठा दाबला. त्याने पुन्हा हाक मारली.